विंडोज १०चा लॅपटॉप: अजून ओढायचा की आता बदलायचा?

मिरजकरीण | ९ जानेवारी २०२६, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

घरात लॅपटॉप एकच. २०१७ साली घेतलेला, आय५-७२००यू, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, त्यामुळे प्रश्नपत्रिका, गुणांच्या एक्सेल शीट, कधीमधी गूगल मीट. आमचे अहो जीएसटीची रिटर्न भरायची कामं घेतात. त्यांचं टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन याच मशीनवर. लेक बारावीला आहे, सीईटी देऊन इंजिनिअरिंगला जाईल.

दुखणी अशी: सुरू व्हायला फार वेळ घेतो, दोन फाइली उघडल्या की पंखा घरघरतो, बॅटरी पाऊण तास. ऑक्टोबरपासून 'सपोर्ट संपला' अशी पाटी येते आणि तपासणीत विंडोज ११ला तुमचा प्रोसेसर चालणार नाही म्हणतो.

सांगलीच्या एका दुकानदाराने रायझन ५ ७५२०यू, ८ जीबीवाला 'एकदम लेटेस्ट' म्हणून ४२ हजारांना दाखवला. दीर अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला असतात, ते म्हणतात मी येताना घेऊन येतो. सासूबाई म्हणतात घ्यायचाच तर पाडव्याला घ्या. मुलगा म्हणतो २६ जानेवारीच्या सेलला घ्या (त्याला काय, आजच हवाय).

बजेट सगळं मिळून ७०-७५ हजार. एक घ्यावा की दोन? आत्ता की नंतर? जुन्याचं काय करायचं?

---

हौसेला_मोल_नाही | ९ जाने., रात्री ११.०५

ताई, नऊ वर्षं झाली त्याला! सन्मानाने निवृत्त करा. सेल लागतोय, चांगला ६५-७० हजारांचा घ्या आणि मोकळ्या व्हा. पैसे काय वर घेऊन जायचेत?

---

तापकीरगल्ली | ९ जाने., रात्री ११.५०

हौसेराव, तुमच्याकडे दर दिवाळीला नवा फोन येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाईंनी सांगितलेल्या कामात मला तरी ६५ हजारांचं एकही काम दिसत नाही.

@मिरजकरीण, आधी एक बघा. लॅपटॉप मंद झाला असताना टास्क मॅनेजर उघडा आणि 'डिस्क'चा रकाना पाहा. तो १००%ला चिकटलेला आणि सीपीयू २०-३०% असेल, तर दोष प्रोसेसरचा नाही, फिरत्या डिस्कचा आहे. विंडोज १० या डिस्कवर रखडतंच. साधी २.५ इंची साटा एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) सेकंदाला ५५० एमबीपर्यंत वाचते, तुमची डिस्क शंभर-सव्वाशे. त्यातही खरा फरक बारीकबारीक फाइली शोधण्यात पडतो, तिथे हार्ड डिस्क अगदीच हतबल होते. ७२००यू हा दोन कोअरचा प्रोसेसर आहे, आज व्हिडिओ एडिटिंग होणार नाही, पण टॅली-एक्सेलला तो अजून पुरतो.

५०० जीबीची एसएसडी टाका. दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या:

एक, खालचं झाकण काढल्यावर एम.२ची खाच दिसली तर दुकानदार एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी) गळ्यात मारेल. त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपांत ती खाच फक्त साटा एम.२ घेते, एनव्हीएमई बसते पण ओळखली जात नाही. खात्री नसेल तर सरळ २.५ इंची घ्या, जुन्या डिस्कच्या जागी बसते.

दोन, बॅटरी. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघा, डुलतो का? टचपॅड वर आल्यासारखा वाटतो का? तसं असेल तर बॅटरी फुगली आहे. मग आजपासून चार्जिंग बंद आणि आधी ती बाहेर काढायची. एसएसडी वगैरे नंतर. फुगलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

जुनी डिस्क फेकू नका. तीनेकशे रुपयांच्या यूएसबी केसमध्ये घातली की बॅकअपला झाली.

---

अनघड | १० जाने., सकाळी ७.१५

तापकीर यांच्याशी सहमत. 'सपोर्ट संपला'बद्दल थोडं, कारण या पाटीने बरेच जण घाबरलेत आणि दुकानदार त्याच भीतीवर माल काढताहेत.

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, हे खरं. पण घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव सुरक्षा दिली आहे, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. तिला ईएसयू म्हणतात. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा दुवा दिसतो. ३० डॉलर भरा, नाहीतर सेटिंग्जचा बॅकअप वनड्राइव्हवर चालू करा म्हणजे फुकट. तिसरा मार्ग मायक्रोसॉफ्टच्या १००० रिवॉर्ड पॉइंटांचा. आवृत्ती २२एच२ असली पाहिजे आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. एका खात्यावर दहा मशीनपर्यंत चालतं. आज नोंदवलं काय नि जूनमध्ये नोंदवलं काय, मुदत तीच. पण मधले महिने उघड्यावर राहता, म्हणून आजच करा.

फक्त सुरक्षेची अपडेट मिळतात, नवीन सोयी नाहीत. तुम्हाला त्या हव्यात कुठे?

म्हणजे तुमची खरी अंतिम तारीख गेलेली नाही. ती ऑक्टोबर २०२६ आहे.

---

डब्बा_गूल | १० जाने., सकाळी ८.०२

एवढं सगळं कशाला? रुफस (विंडोज ११ची तपासणी टाळून ते टाकायचा प्रोग्रॅम) वापरून विंडोज ११ टाका. माझ्या सहाव्या पिढीच्या आय५वर मस्त चालतंय.

---

अनघड | १० जाने., सकाळी ८.३०

चालतं, नाही कोण म्हणतंय. ७२००यूसारख्या सातव्या पिढीत टीपीएम २.० (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय) बहुतेक वेळा असतंही, फक्त प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही (यादी आठव्या पिढीपासून सुरू होते, मोजके अपवाद सोडून). पण अशा मशीनला वर्षाचं मोठं अपडेट आपोआप येत नाही, दर वेळी हाताने करत बसावं लागतं आणि उद्या बंद पडलं तर दाद मागायला जागा नाही. तुमच्या-माझ्या मशीनवर खेळायला ठीक. ज्या मशीनवर लोकांची रिटर्न भरली जातात, २० तारखेला जीएसटीआर-३बीची धावपळ असते, तिथे हा प्रयोग मी करणार नाही.

---

पेंग्विनपंथी | १० जाने., सकाळी ९.११

विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली टाका. २२वी मालिका २०२९पर्यंत सांभाळली जाणार आहे, फुकट आहे, या मशीनवर सुरेख पळते. मराठी इनस्क्रिप्ट कळपाट आत असतोच.

---

डब्बा_गूल | १० जाने., सकाळी ९.१४

आले! मी वाटच बघत होतो, नऊ वाजले तरी आले कसे नाहीत.

---

मिरजकरीण | १० जाने., दुपारी १.२०

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

डिस्क खरंच १००% दाखवते, सीपीयू १८-२५च्या मध्ये. लॅपटॉप टेबलावर डुलत नाही, टचपॅडही सपाट आहे.

@पेंग्विनपंथी, टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन मिंटवर चालेल का? आणि माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीत (युनिकोडाआधीच्या मराठी फॉन्टमध्ये) आहेत.

---

पेंग्विनपंथी | १० जाने., दुपारी २.०५

प्रामाणिक उत्तर: टॅली थेट चालत नाही, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं 'वाइन' वगैरे वापरून चालवण्यात तुमच्या अहोंचा वेळ जाईल. टोकनांचे काही ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळतात, पण सरकारी पोर्टल, सहीची युटिलिटी आणि टोकन या तिघांचं जमवणं हा वेगळा उद्योग आहे. तुमच्या घरी विंडोजच ठेवा. ऑक्टोबरनंतर हे मशीन फक्त लिहिण्या-वाचण्यापुरतं राहिलं की मग मिंटचा विचार करा.

---

खिळेजुळारी | १० जाने., दुपारी ३.४०

श्रीलिपीचं नाव निघालं म्हणून येतो, गेली अनेक वर्षं डीटीपी करतोय.

ताई, मशीन बदलताना लोक प्रोसेसर बघतात, रॅम बघतात, आणि जुन्या फॉन्टचं लक्षात येतं ते नव्या मशीनवर प्रश्नपत्रिका उघडल्यावर, जेव्हा 'कखग'च्या जागी इंग्रजी चिन्हांचा कालवा दिसतो. मजकूर त्या फॉन्टच्या संकेतांत साठवलेला असतो, युनिकोडात नाही. एसएसडी बसवताना सगळं नव्याने टाकणार असाल तर आधी हे करा: जुन्या फाइली जुन्याच मशीनवर उघडून युनिकोडात बदलून घ्या. श्रीलिपीमध्ये त्याची सोय असते. जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला, तिथे गडबड होते. ज्यांची पीडीएफ पुरते त्यांची पीडीएफ करा. परवान्याचं डोंगल (यूएसबीत लावायची किल्ली) असेल तर ते नव्या विंडोजवर चालेल की नाही हे विक्रेत्याला आधी विचारा.

आमच्याकडे एक विंडोज ७चं मशीन अजून आहे, पेजमेकरच्या जुन्या पुस्तकांसाठी. त्याला नेटची वायर लावत नाही, पेनड्राइव्हसुद्धा तपासून. असंही ठेवता येतं.

---

लेथमास्तर | १० जाने., संध्याकाळी ६.२५

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो (मेकॅनिकल, नावावरून कळलं असेलच). मुलाच्या लॅपटॉपबद्दल बोलतो.

आत्ता घेऊ नका. कारण तुम्हाला त्याची शाखा माहीत नाही. सीईटी एप्रिल-मेमध्ये, मग निकाल, मग कॅपच्या (केंद्रीय प्रवेशाच्या) फेऱ्या, त्यात जुलै-ऑगस्ट उजाडतो. कॉम्प्युटर मिळालं तर जवळपास काहीही चालतं, मॅकबुक एअरसुद्धा. मेकॅनिकल मिळालं तर सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर आहे. सिव्हिलवाल्यांचं रेव्हिट तसंच. तेव्हा मॅक घेतलेली मुलं दुसऱ्या वर्षी मित्राच्या लॅपटॉपवर असाइनमेंट करताना मी दरवर्षी बघतो. शिवाय पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच असतं, कॉलेजच्या लॅबमध्ये काम भागतं. मोठं ग्राफिक्स कार्ड तर पहिल्या वर्षी गेमलाच लागतं.

मुलाला माझा निरोप द्या: आधी सीईटी.

---

भाव_काय | १० जाने., रात्री ९.५०

मास्तरांचा मुद्दा पटतो, पण एक बाजू राहिली. सध्या थांबण्याची किंमत नेहमीसारखी नाही.

एरवी इलेक्ट्रॉनिक्सचा नियम असा की थांबा, तेच स्वस्त होईल. गेल्या शरद ऋतूपासून रॅमच्या बाबतीत हे उलटं झालंय. जगातली बहुतेक डीरॅम (रॅममधल्या चिपा) तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी एचबीएम नावाची मेमरी त्याच कारखान्यांत होते. मायक्रॉनच्याच सांगण्याप्रमाणे तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर५च्या (नेहमीच्या रॅमच्या) मानाने एचबीएम साधारण तिप्पट वेफर (चिपा बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) खाते. कारखाने तिकडे वळले, आपल्याला उरेल ते. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशल हा आपला किरकोळ विक्रीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, फेब्रुवारीपर्यंत माल देणार. सुट्या रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले, एसएसडीही चढतेय. लॅपटॉपवर याचा परिणाम थोडा उशिरा दिसतो, कारण कंपन्यांकडे जुन्या भावाचा साठा असतो. तो संपला की नवी किंमत. नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात, ऑगस्टपर्यंत काही स्वस्त होत नाही.

यातून एक जुना सल्ला मोडीत निघतो. आपण सगळेच सांगायचो, '८ जीबीवाला घ्या, पुढे स्वस्तात ८ टाका.' आता ती सुटी ८ची पट्टीच महाग आहे. जो घ्याल तो पहिल्यापासून १६चा घ्या.

---

लेथमास्तर | १० जाने., रात्री १०.२०

मान्य. तरी चुकीचा लॅपटॉप आजच्या भावात घेण्यापेक्षा बरोबर लॅपटॉप चार-पाच हजार जास्त देऊन घेतलेला परवडतो. आणि आज घेतलेल्याची वर्षाची वॉरंटी कॉलेज सुरू होण्याआधी सहा-सात महिने खाऊन बसते, तेही धरा.

---

भाव_काय | १० जाने., रात्री १०.३३

वॉरंटीचा मुद्दा लक्षात आला नव्हता. बरोबर.

मग मधला मार्ग: मुलाचा ऑगस्टला, पण एसएसडी या आठवड्यात. तिच्यासाठी थांबण्यात काहीच फायदा नाही.

---

तापकीरगल्ली | १० जाने., रात्री ११.१५

त्या ४२ हजारांच्या 'लेटेस्ट'बद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून.

रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा बघायचा. पहिला ७ म्हणजे फक्त २०२३च्या यादीतला. तिसरा आकडा आतला खरा गाभा सांगतो: २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. ७५२०यूमध्ये तिसरा आकडा २. झेन २ बाजारात आला २०१९ला. शेजारी ७५३०यू असेल तर तो झेन ३, आणि ७६४०एचएस झेन ४. दिसायला सगळे 'रायझन ५ ७०००', आत पिढ्यांचा फरक. जुनं तांदूळ नव्या पोत्यात.

त्याहून वाईट म्हणजे ७५२०यू फक्त बोर्डावर डकवलेल्या एलपीडीडीआर५ रॅमवरच चालतो. ८ जीबी घेतलात की जन्मभर ८ जीबी. विंडोज ११, क्रोमचे दहा टॅब आणि टॅली एवढ्यात तो भरतो.

इंटेलकडेही नावांचा गोंधळ आहे, पण निदान शेवटचं अक्षर बघा: यू म्हणजे बॅटरी जपणारा, एच म्हणजे जोरदार आणि गरम.

अजून एक, कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. स्क्रीनचा कागद वाचा. '४५% एनटीएससी, २५० निट्स' लिहिलं असेल तर रंग फिके आणि खिडकीपाशी बसलात की काही दिसत नाही. दिवसभर रकाने वाचणाऱ्या माणसाने प्रोसेसरवर तीन हजार कमी आणि स्क्रीनवर तीन हजार जास्त घालावेत असं माझं मत. आयपीएस, ३०० निट्स तरी.

---

निवांत | ११ जाने., सकाळी ६.४०

बँकेतून निवृत्त झालोय. सेलचा विषय निघालाय तर 'नो कॉस्ट ईएमआय'बद्दल दोन शब्द.

शून्य टक्के व्याज असं काही नसतं. क्रेडिट कार्डावरच्या असल्या योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच हरकत घेतली होती. तेव्हापासून पद्धत अशी: बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट किमतीत आधी देतो. पण व्याजावरचा १८% जीएसटी तुमच्या खिशातून जातो, वर प्रक्रिया शुल्क. ६० हजार, सहा हप्ते, १५% धरलं तर व्याज अडीच हजारांच्या आसपास, त्यावर जीएसटी साडेचारशे. रक्कम मोठी नाही, पण 'नो कॉस्ट' नव्हे. आणि बहुतेक वेळा रोखीने घेणाऱ्याला ती सूट मिळतच नाही, ती मागून बघावी.

सेलमधली खोडलेली किंमत बघू नका. तोच मॉडेल नंबर (शेवटच्या अक्षरांसकट) गेल्या तीन महिन्यांत कितीला होता ते किमतींचा इतिहास दाखवणाऱ्या साइटवर बघा. आणि सप्टेंबर २०२५च्या जीएसटी कपातीचं कारण सांगून कुणी लॅपटॉप स्वस्त झाला म्हणेल, तर तो मोठ्या टीव्हीचा आणि एसीचा विषय होता. २८चे १८ झाले ते तिथे. लॅपटॉप आधीही १८%वर होता, आजही आहे.

---

दोनबाजू | ११ जाने., सकाळी १०.०५

@मिरजकरीण, तुमच्या अहोंना हे माहीत असणारच, तरी लिहितो. ते जीएसटीत नोंदलेले असतील आणि लॅपटॉप व्यवसायासाठी असेल, तर बिलावर जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) घालून घ्या. ४२ हजारांच्या बिलात साधारण ६,४०० रुपये कर असतो, तो क्रेडिट म्हणून परत मिळतो (त्या रकमेवर घसारा मात्र मग मागायचा नाही). आयकरात संगणकाला ४०% घसारा. ३१ मार्चपूर्वी घेऊन वापरात आणला तर वापर १८० दिवसांपेक्षा कमी, म्हणून यंदा निम्मा म्हणजे २०%. आयकर अनुमानित उत्पन्नावर भरत असतील तर घसाऱ्याचा हा हिशेब लागू नाही.

यासाठी बिल त्यांच्या नावावर हवं. मुलाचा लॅपटॉप त्यात घुसडू नका.

---

मिरजकरीण | ११ जाने., सकाळी ११.४८

अहोंना हा प्रतिसाद वाचून दाखवला. 'मी लोकांना हेच सांगतो' म्हणाले. घरी नाही सांगितलं.

---

जर्सीवाला_काका | ११ जाने., संध्याकाळी ७.३०

आमच्याकडे सकाळ आहे. दिरांच्या बाजूने बोलायला कुणीतरी पाहिजे.

भारतात येणाऱ्या १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो, तेव्हा कस्टमची भीती नको. पण इथली छापील किंमत करावेगळी असते. न्यू जर्सीत वर ६.६२५% विक्रीकर. (शेजारच्या डेलावेअरला विक्रीकर नाही, आमच्यातले बरेच जण त्या बाजूला गेले की खरेदी उरकतात.) चार्जर १००-२४० व्होल्टचाच असतो, फक्त पिन बदलायची.

खरी अडचण वॉरंटीची. ॲपलच्या लॅपटॉपची वॉरंटी भारतात चालते. विंडोजवाल्या कंपन्यांचं मॉडेलनिहाय वेगळं असतं. कुठे वॉरंटीचा देश बदलून घ्यावा लागतो, कुठे चालतच नाही. आणि मिरजेत आठव्या दिवशी स्क्रीनवर रेघ आली तर दीर परत घेऊन जाणार का? मी स्वतः भाच्यासाठी मॅक आणतो, विंडोज तिकडेच घ्या म्हणतो.

---

हौसेला_मोल_नाही | ११ जाने., रात्री ८.१०

मग एम४ एअर आणायला सांगा की दिरांना! तो १६ जीबीच्या खाली येतच नाही.

---

लेथमास्तर | ११ जाने., रात्री ८.१४

शाखा. माहीत. नाही.

---

उगाच_विचारतो | ११ जाने., रात्री ९.००

अवांतर: फोनचंही असंच गणित असतं का? जुना फ्लॅगशिप सेलमध्ये स्वस्त मिळतोय.

---

अनघड | ११ जाने., रात्री ९.२५

असंच. फक्त एक लक्षात ठेवा, अपडेटची वर्षं तुम्ही घेतल्यापासून नाही, फोन बाजारात आल्यापासून मोजतात. गूगलचा पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३चा, सात वर्षं, म्हणजे २०३०पर्यंत. आज घेतला तरी तुमच्या वाट्याला पावणेपाचच. सॅमसंगने सात वर्षं एस२४पासून दिली. एस२३ एकच पिढी मागे, पण त्याला सुरक्षेची पाच. किमतीला उरलेल्या वर्षांनी भागा, मग स्वस्त कोणता ते कळतं. बाकी वेगळा धागा काढा, ताईंचा विषय भरकटेल.

---

तापकीरगल्ली | ११ जाने., रात्री १०.४५

ताई, अहोंसाठी वेगळं मशीन हवंच असेल तर नव्याच्या मागे लागण्याआधी वापरलेल्या ऑफिस लॅपटॉपांकडे बघा. कंपन्या भाडेपट्टीवर घेतलेली मशीन तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा सोडतात, ती पुण्यात आमच्या तापकीर गल्लीत येतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. थिंकपॅड टी४८०चं उदाहरण घ्या: आठवी पिढी, विंडोज ११च्या यादीत, रॅमच्या दोन खाचा, दोन बॅटऱ्या, कीबोर्ड तर आजच्या नव्यांपेक्षा सरस. टॅलीवाल्यासाठी त्या ४२ हजारांच्या डब्यापेक्षा कधीही बरा, आणि निम्म्याहून कमी पैशांत.

दुकानात उभं राहून काय बघायचं: बायोसला (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगला) पासवर्ड आहे का. मशीन पूर्ण रिसेट करून तिथेच वायफायला जोडायला लावा. कधीकधी नेट लागताच जुन्या कंपनीचं लॉगिनचं पान येतं, म्हणजे ते अजून त्यांच्या यादीत नोंदलेलं आहे. असं मशीन फुकट दिलं तरी घेऊ नका. दुकानदार 'नेट नाही' म्हणाला तर स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट द्या. बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता यांतला फरक बघा, ७०%च्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वळते करायला सांगा. जीएसटी बिल आणि निदान तीन महिन्यांची लेखी हमी.

---

डब्बा_गूल | ११ जाने., रात्री ११.०२

टी४८० +१. रुफससुद्धा लागत नाही.

---

मिरजकरीण | १८ जाने., रात्री ९.३५

आठवड्याने लिहितेय, परीक्षांचं काम होतं.

आजवर झालेलं: ईएसयूची नोंदणी केली, बॅकअपवाल्या मार्गाने, पैसे लागले नाहीत. श्रीलिपीच्या फाइली युनिकोडात बदलणं चालू आहे. रफाराबद्दल खिळेजुळारींनी सांगितलं ते तंतोतंत खरं, 'अर्थ'चा प्रत्येक ठिकाणी 'अथर्' झालेला, वाणिज्य शाखेचे पेपर असल्याने दर ओळीत एक. एसएसडी बसवली. झाकण उघडल्यावर एम.२ची खाच होती, तिथल्या मुलाने एनव्हीएमई हातात घेतलीच होती, मी २.५ इंचीच मागितली. मशीन आता इतक्या लवकर सुरू होतं की अहोंना आधी ते बंदच झालं नव्हतं असं वाटलं.

वेगळ्या मशीनचं: अहोंसाठी वापरलेला ऑफिस लॅपटॉप, मार्चअखेरच्या आत. पुण्याला जाणं होणार आहे, तेव्हा. पाडवा मार्चमध्येच आहे, सासूबाईही खूश. उरलेले पैसे मुलाच्या नावाने बाजूला, शाखा कळल्यावर १६ जीबीचा. तो रागावून बसलाय, पण मास्तरांचा निरोप पोचवला.

दोन शंका. नवी बॅटरी घेऊ का या जुन्याला, की प्लगवरच चालवू? आणि दिरांना काय आणायला सांगू, ते विचारताहेत.

---

तापकीरगल्ली | १८ जाने., रात्री १०.१०

घरातच वापरणार असाल आणि फुगलेली नसेल तर बॅटरीवर पैसे घालू नका. वीज गेल्यावर फाइल सेव्ह करायला पाऊण तास पुरे. घ्यायचीच झाली तर लॅपटॉपच्या नावावरून नको, जुनी काढून तिच्या अंगावरचा पार्ट नंबर आणि व्होल्ट बघून घ्या. एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात.

पुण्याला याल तेव्हा रविवार टाळा, गल्लीतली बरीच दुकानं बंद असतात.

---

जर्सीवाला_काका | १९ जाने., पहाटे ५.२०

दिरांना एक चांगला कीबोर्ड आणायला सांगा. त्याला वॉरंटीची कटकट फारशी नसते आणि प्रश्नपत्रिका टाइप करणाऱ्याला रोज उपयोगी. लेआउट अमेरिकन, म्हणजे तोच आपला. इनस्क्रिप्टची अक्षरं मात्र छापलेली नसतील, त्याचे स्टिकर मिरजेतच घ्या.